नाव-गाव-साल नसलेले गाणे

शास्त्रीय संगीताच्या रसिकांमध्ये नव्याने विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रणांविषयी जी चर्चा सध्या चालते, ती बहुतेक वेळा एकाच वळणावर येऊन अडते. कोणी अमीर खाँसाहेबांच्या त्या प्रसिद्ध एलपीची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेल्या तबकडीची, चांगली प्रत मिळाल्याचे सांगतो आणि सुई टेकवल्याबरोबर आलेल्या भरीव आवाजाचे मनापासून वर्णन करतो. दुसरा म्हणतो की आपण स्वच्छ केलेली संगणकीय आवृत्ती घेतली आहे, तिच्यात खरखर नाही, त्यामुळे खर्ज अधिक स्पष्ट ऐकू येतो. तिसरा दोघांनाही विचारतो की हे सारे फुकट उपलब्ध असताना पैसे खर्चण्याचे कारण काय. मग तबकडी की संगणकीय प्रत, खरखर की स्वच्छता, मोल की मोफत, यांवर मोठ्या हिरिरीने वाद होतो. त्या वादात हे गाणे कोणत्या साली झाले, कोणत्या गावी, कोणाच्या साथीने, ते संपूर्ण आहे की कापलेले, आणि मूळ वेगाने वाजते आहे की नाही, हे प्रश्न मात्र क्वचितच येतात. माझे म्हणणे असे की ध्वनिमुद्रणाविषयीच्या मताची सुरुवात त्या मुद्रणाच्या ओळखीपासून झाली पाहिजे. ज्या प्रकाशनाने ही ओळख दिलेली नाही ते अपुरे प्रकाशन आहे, आणि त्याची वाखाणणी करणाऱ्या रसिकाने हे अपुरेपणही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. हे पुस्तकी अभ्यासकांचे वेड नाही. आपण काय ऐकतो आहोत, याचाच हा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभच ओळख देण्यापासून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात मुद्रणे करत होते, तेव्हा गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारत. आज ती ‘माय नेम इज गौहर जान’ ही घोषणा आपण कौतुकाने ऐकतो, पण तिच्यामागे व्यवहाराचे साधे कारण होते. मेणावर उमटलेली मुद्रणे समुद्रमार्गे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे त्यांच्या तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना राग, तेव्हा कोणती तबकडी कोणाची हे त्यांना कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे गायिकेने स्वतः सांगितलेले नाव. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि घोषणेची गरज हळूहळू संपली. ओळख उरली ती लेबलवरच्या अक्षरांत आणि तबकडीच्या मध्यभागी कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकात, म्हणजे मूळ मुद्रणाला दिलेल्या क्रमांकात. त्या क्रमांकावरून जाणकार आजही मुद्रणाचा काळ ठरवू शकतात. तबकडीवरून गाणे कॅसेटवर आले तेव्हा क्रमांक गळाला, कॅसेटवरून सीडीवर आले तेव्हा लेबलवरचा उरलासुरला मजकूर गळाला, आणि आता फक्त गायकाचे नाव, रागाचे नाव आणि एखादे छायाचित्र एवढेच उरले आहे. आवाज अधिकाधिक स्वच्छ होत गेला आणि त्याची ओळख प्रत्येक टप्प्यावर पुसट होत गेली. असे असताना आपण फक्त स्वच्छतेवर भांडावे, हे कितपत योग्य आहे?

वेगाचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो, कारण बहुतेक खरेदीदारांना तो तांत्रिक वाटतो आणि प्रत्यक्षात तो पूर्णपणे सांगीतिक आहे. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा नंतर रूढ झाला. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या सत्तरीच्या आसपासपासून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी मुद्रित झालेल्या आहेत. त्या सगळ्या सरसकट ७८ च्या वेगाने वाजवून संगणकात उतरवल्या, तर काय होते? वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये गायलेले गाणे आपल्याला पांढरी दोनमध्ये ऐकू येते. त्याबरोबर लय चढते, तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपते, तान होती त्यापेक्षा चपळ वाटते आणि आवाजाची जात बदलून तो बारीक होतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुद्रणे आणि १९३० च्या दशकातली मुद्रणे एकापाठोपाठ ऐकून त्यांच्या आवाजाची तुलना करणारे रसिक मला भेटले आहेत. तो काळाने झालेला बदल होता, ते जुन्या पद्धतीने ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यात गाणे आणि विद्युत मायक्रोफोनपुढे गाणे यांतले अंतर होते, की दोन प्रतींच्या वेगांतला फरक होता? तबकडीवरून संगणकात हस्तांतर कोणत्या वेगाने केले, षड्ज म्हणजे गायकाचा मूळ ‘सा’ कशाच्या आधाराने ठरवला, हे प्रकाशकाने लिहिलेले नसेल, तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तरीही ‘त्यांचा आवाज उतारवयात अधिक गोल झाला’ असे मत पक्के होऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते.

याच संदर्भात केसरबाई केरकरांच्या भैरवीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेचे ‘जात कहाँ हो’ हे साडेतीन मिनिटांचे गाणे १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेले. त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ अवकाशात झेपावले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मराठी माणूस ही हकिकत अभिमानाने सांगतो, ते साहजिकच आहे. पण त्या तबकडीच्या आवरणावर काय कोरले आहे, याकडे सहसा कोणी वळत नाही. सुई कुठे ठेवायची याचे रेखाचित्र तिथे आहे, आणि तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत झाला पाहिजे हे हायड्रोजनच्या अणूशी निगडित काळाच्या एककात लिहिलेले आहे. ज्याला आपली कोणतीही भाषा येत नाही अशा श्रोत्यालाही गाणे योग्य वेगात ऐकता यावे, एवढी काळजी त्या तबकडीच्या कर्त्यांनी घेतली. केसरबाईंच्याच इतर गाण्यांचे एखादे पुनर्प्रकाशन मुंबईत, पुण्यात किंवा पणजीत आपण विकत घेतो, तेव्हा मुद्रणाचे साल आणि हस्तांतराचा वेग त्यावर असावा, अशी अपेक्षा करणे जास्तीचे आहे का?

आता विरुद्ध बाजूचे बळकट मुद्दे. माध्यमाने फरक पडतो, हे पूर्णपणे मान्य केले पाहिजे. तबकडी आवडणाऱ्यांना हौशी ठरवून मोडीत काढणारे लोक नीट ऐकत नाहीत, असेच मी म्हणेन. खरखर काढण्याच्या प्रक्रियेत वरच्या पट्ट्यातले ध्वनी कापले जातात आणि त्या पट्ट्यात केवळ खरखर नसते. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांची गुंजणारी झंकार, जिथे उलगडते ते वरचे स्वरांश तिथेच असतात, सारंगीच्या गजाचा स्पर्श तिथे असतो, ‘स’ आणि ‘श’ यांची धार तिथे असते. हात राखून न केलेल्या स्वच्छतेनंतर तंबोरा पेटीसारखा सपाट होतो आणि गायक एखाद्या बंद खोलीत एकटा गातो आहे असे वाटू लागते. म्हणून ‘जुन्या प्रतीत खरखर आहे पण तंबोरा जिवंत आहे’ हे मत खरे ऐकणाऱ्याचे मत आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण ते मत सिद्ध करायचे झाले तर पुन्हा त्याच प्रश्नांकडे यावे लागते. स्वच्छ केलेली प्रत कशावरून केली आहे, मूळ फितीवरून, की झिजलेल्या तबकडीवरून, की कोणाच्या घरच्या कॅसेटवरून? आपल्या हातातली तबकडी पहिल्या छपाईची आहे, की संगणकीय प्रतीवरूनच पुन्हा छापलेली नवी तबकडी आहे? अशी नवी तबकडी जड, देखणी आणि महाग असते. तिच्यातला आवाज मात्र वादातल्या दुसऱ्या पक्षाकडे असलेल्या आवाजाचीच प्रत असू शकतो. मग ‘तबकडीचा भरीवपणा’ आणि ‘संगणकाची कोरडी स्वच्छता’ यांच्यातले भांडण एकाच मुद्रणाच्या दोन वेष्टनांमधले ठरते. माध्यमाचा आग्रह धरणाऱ्यानेच सर्वांत आधी उगमाची चौकशी करायला हवी होती.

याहून गंभीर आक्षेप रसाचा आहे आणि तो मला कधीच हलका वाटलेला नाही. गाणे हा अनुभव आहे. कागदपत्रे तपासून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना ज्याचे मन झिंझोटी रागात विरघळले, त्याला ते साल माहीत नसल्याने काय कमी पडले? नव्याने ऐकू लागलेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी साल आणि क्रमांक विचारून बिचकवून टाकणे हे संगीताच्या हिताचे आहे का? यातला पहिला भाग मी निःशंकपणे मान्य करतो. ऐकण्याचा आनंद माहितीवर अवलंबून नाही आणि कोणालाही त्या आनंदासाठी परवाना काढावा लागू नये. परंतु आनंद घेणे आणि मत देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. ‘मला आवडले’ हे सांगणारा स्वतःविषयी बोलतो, तेव्हा त्याला पुराव्याची गरज नसते. ‘यांची तान अलीकडे तुटक झाली’, ‘यांच्याकडे बढतीचा, म्हणजे राग सावकाश उलगडण्याचा, धीर नाही’, ‘यांच्यापेक्षा ते श्रेष्ठ’ असे म्हणणारा दुसऱ्या कोणाविषयी बोलतो, तेव्हा त्याच्यावर जबाबदारी येते. आपल्या चर्चांमध्ये ही दुसऱ्या प्रकारचीच विधाने जास्त असतात.

कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. बालवयात ज्यांच्या गाण्याने जाणकार थक्क झाले, ज्यांच्या तबकड्याही त्या वयात निघाल्या, त्या कुमारांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाने गाठले. देवासला काही वर्षे ते अंथरुणावर होते, गाण्याची मनाई होती, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. नंतरच्या गायकीतली छोट्या, धारदार स्वरवाक्यांची रचना, मधले अर्थपूर्ण थांबे, अचानक उसळणारा तार स्वर, यांमागे त्यांची प्रतिभा किती आणि श्वासाची मर्यादा किती, हा मराठी संगीतविचारातला एक मोलाचा प्रश्न आहे. साल नसलेल्या मुद्रणावरून तो प्रश्न विचारताच येत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचेही तसेच. नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम, मग जयपूर घराण्याचे मंजीखाँ, आणि १९३७ मध्ये मंजीखाँ गेल्यावर बुर्जीखाँ, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांची तरुणपणीची तबकडी आणि उतारवयातली मैफल एकाच संचात, एकही तारीख न देता, एकापाठोपाठ ठेवली तर ऐकणाऱ्याला एकाच माणसाची दोन रूपे ऐकू येतील, पण त्यांमधला चाळीस-पन्नास वर्षांचा रियाज ऐकू येणार नाही. माझ्या दृष्टीने तो न ऐकू येणे हे रसाचेच नुकसान आहे.

‘आमचे कान पुरेसे आहेत’ असे म्हणणाऱ्यांना पाश्चात्त्य संगीतातली एक हकिकत सांगायला हवी. जॉइस हॅटो नावाच्या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावावर, तिच्या अखेरच्या वर्षांत, शंभराहून अधिक सीडी प्रसिद्ध झाल्या. दीर्घ आजारामुळे मैफली सोडलेल्या स्त्रीने एवढा अवाढव्य संग्रह वाजवून ठेवला, याचे रसिकांना आणि समीक्षकांना अपार कौतुक वाटले, आणि ध्वनिमुद्रणे विकत घेऊन मते सांगणाऱ्यांनी तिला थोर वादकांच्या पंक्तीत बसवले. २००६ मध्ये ती गेली. २००७ च्या फेब्रुवारीत एका श्रोत्याने लिस्टच्या रचनांची तिची सीडी संगणकात घातली, तेव्हा माहितीकोशाने दुसऱ्याच वादकाचे नाव दाखवले. तपास सुरू झाला आणि एकामागून एक मुद्रणे इतर वादकांची निघाली. काहींचा वेग ओळख लपवण्यासाठी बदललेला होता. त्या सीडी काढणाऱ्या तिच्या पतीने पुढे हे कबूल केले. या प्रकरणात फसलेले लोक अडाणी नव्हते. त्यांतले कित्येक आयुष्यभर पियानो ऐकत आलेले होते. ज्या कंडक्टरचे नाव वेष्टनावर होते त्याचा कुठेच माग लागत नाही, मुद्रण कुठे आणि केव्हा झाले याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, या गोष्टींवरून शंका घेणारे थोडे लोक होते आणि त्यांना निष्कारण संशयखोर मानले गेले. कान फसले आणि नोंदीने पकडले. आपल्याकडे कोणी जाणूनबुजून अशी फसवणूक करतो असे मी म्हणत नाही. पण नोंदीशिवायचे मुद्रण आणि त्यावरचे भरघोस मत ही जोडी किती सहज चुकू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

आणि नोंद हाती असली की रसिकांची चर्चा किती उंच जाऊ शकते, याचेही उदाहरण त्याच संगीतात आहे. जर्मन कंडक्टर फुर्टवेंग्लर यांनी २९ जुलै १९५१ रोजी जर्मनीतल्या बायरॉइट इथे सादर केलेली बीथोव्हनची नववी सिम्फनी हे विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या मुद्रणांपैकी एक. २००७ मध्ये बव्हेरियन नभोवाणीच्या फितीवरून त्याच संध्याकाळची म्हणून दुसरी आवृत्ती निघाली आणि ती पहिलीशी सगळीकडे जुळेना. मग प्रत्यक्ष मैफल कोणती आणि तालमीचे तुकडे जोडून तयार केलेले मुद्रण कोणते, यावर ऐकणाऱ्यांनी एकेक भाग ताडून वाद घातला. तो वाद करता आला, कारण तारीख होती, सभागृह होते, वादकसंच माहीत होता. एखाद्या जुन्या मैफलीतल्या भीमसेनजींच्या पुरियाविषयी असा वाद आपल्याला घालता येईल का? तो पुरिया कोणत्या संध्याकाळचा, हेच बहुतेक वेळा आपल्या हातात नसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. माहिती मिळतच नाही, मग देणार कुठून? ज्यांनी घरगुती मैफली स्पूलवर, म्हणजे फितीच्या रिळावर, उतरवल्या ते लोक राहिले नाहीत, डब्यावर पेन्सिलीने लिहिलेली ओळ पुसली गेली, प्रतीवरून प्रत झाली. इतकी अट घातली तर प्रकाशक हात आखडता घेतील आणि आज जे अर्धेमुर्धे बाहेर येते तेही बंद होईल. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँसाहेब यांचे एकही ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांचा निनावी, बिनतारखेचा, खरखरणारा एखादा तुकडा उद्या सापडला तर आपण तो नाकारणार आहोत का? अर्थातच नाही, आणि हा आक्षेप मी अत्यंत गांभीर्याने घेतो. माझी मागणी अज्ञात मुद्रणे दडपून ठेवण्याची नाही. जे माहीत आहे ते लिहा आणि जे माहीत नाही ते ‘अज्ञात’ म्हणून लिहा, एवढीच ती आहे. ‘साल अज्ञात, स्थळ अज्ञात, खासगी स्पूलवरून, सुरुवातीचा आलाप उपलब्ध नाही’ असे दोन ओळींत छापायला खर्च येत नाही. त्या दोन ओळींनी ऐकणारा सावध होतो आणि ज्याला काही ठाऊक असेल त्याला पुढे येऊन सांगण्याचे कारण मिळते. रिकामी जागा दाखवली तर ती भरली जाण्याची शक्यता असते. ती लपवली तर कोणालाच कळत नाही की काही हरवले आहे.

महाराष्ट्राने हे काम दुसऱ्या क्षेत्रात करून दाखवलेले आहे. अठराव्या शतकातली असंख्य मराठी पत्रे अशी आहेत की त्यांवर फक्त चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, म्हणून ते लिहिण्याची गरज वाटली नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ऐतिहासिक साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत काम नेले, तेव्हा पत्राच्या मजकुरातल्या एखाद्या मुक्कामावरून, वारावरून, एखाद्याच्या मृत्यूच्या उल्लेखावरून साल ठरवण्याची शिस्त इथे रुजली. चुका झाल्या, नंतरच्या संशोधकांनी त्या दाखवल्या, वाद झाले, पण ‘पत्र वाचायला गोड आहे, साल कशाला हवे’ असे कोणी म्हटले नाही. आपल्या घरगुती मैफलींची स्पूलही त्याच प्रकारची साधने आहेत. ज्याने मुद्रण केले त्याला सारे माहीत होते, म्हणून त्याने ‘बुवा, यमन, गणपती’ एवढेच लिहून ठेवले. त्यावरून साल काढता येते: तबलजीच्या हातावरून, बुवांच्या पट्टीवरून, मध्येच कोणी दिलेल्या दादेच्या आवाजावरून, मागे तंबोऱ्यावर बसून स्वर देणाऱ्या शिष्याच्या वयावरून. तबकड्यांच्या बाबतीत तर हे काम करणारेही झाले आहेत. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी आपल्या खर्चाने आणि वेळाने एकेका तबकडीची माहिती नोंदवली. तेव्हा माहिती मिळत नाही, हे पूर्ण खरे नाही. अनेकदा ती मिळते आणि प्रकाशक ती छापत नाहीत, कारण ती नसल्याची तक्रार कोणी करत नाही.

साथीदारांविषयी इथे थांबून बोलले पाहिजे, कारण हा माहितीइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे. ७८ च्या तबकड्यांच्या लेबलवर तबला, सारंगी किंवा हार्मोनियम वाजवणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. बालगंधर्वांना रंगभूमीवर अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांची साथ होती हे मराठी रसिकाला पाठ असते, पण त्यांची एखादी तबकडी ऐकताना आपण कोणाचा तबला आणि कोणाची सारंगी ऐकतो आहोत, हे लेबलवरून बहुधा कळत नाही. मूळ काळात हे अन्यायाचे होते. आज पुनर्प्रकाशन करताना तोच अन्याय पुन्हा करण्याचे कारण नाही. गायनाच्या मैफलीत तर याचा थेट सांगीतिक परिणाम होतो. मागे बसलेला शिष्य स्वर भरतो, कधी पूर्ण आलापी घेतो, गुरूच्या थकलेल्या तार षड्जाला आधार देतो. केवळ आवाजावर ऐकणारा ज्या जागेला ‘या वयातही काय दमसास’ म्हणून दाद देतो, ती जागा पाठीमागच्या विशीतल्या गळ्याची असू शकते. त्या गळ्याचे नाव वेष्टनावर नसेल, तर एकाच्या वाट्याची दाद दुसऱ्याला जाते, आणि हे आपण विकत घेऊन, मत देऊन, पुढे पसरवत राहतो.

कापाकापीबद्दल थोडक्यात. तीन मिनिटांच्या तबकडीने गायकाला जे बंधन घातले त्यातून एक स्वतंत्र कला जन्माला आली, बंदिशीचा गाभा आणि तिची उकल मूठभर आवर्तनांत मांडण्याची. त्या कलाकृती पूर्ण आहेत. त्यांना ‘घाई’ म्हणणाऱ्याने माध्यमाची मर्यादा लक्षात घेतलेली नसते. पण दीड तासाच्या मैफलीतून पस्तीस मिनिटे काढून ती ‘संपूर्ण राग’ म्हणून विकणे वेगळे. विलंबित ख्यालाच्या मध्यातून थेट द्रुताच्या मुखड्यावर येणारे मुद्रण ऐकून कोणी गायकाला बढतीचा धीर नाही असे म्हणत असेल, तर तो दोष गायकाच्या नव्हे, संपादकाच्या पदरात पडायला हवा, आणि संपादनाची नोंद नसल्यामुळेच तो चुकीच्या पदरात पडतो.

हे सारे आत्ताच बोलण्याचे एक ठोस कारण आहे. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे ज्यांच्या प्रकाशनाला ही मुदत उलटून गेली आहे, त्या मुद्रणांवर आता हा हक्क उरलेला नाही आणि तो आड न येता ती पुन्हा काढता येतात. ७८ चा जवळजवळ सगळा खजिना आणि आरंभीच्या एलपी त्यात येतात. ही चांगली गोष्ट आहे, कारण अनेक दुर्मीळ गाणी यामुळे पुन्हा कानांवर येतील. पण मूळ कंपनीच्या नोंदवह्या ज्यांच्याकडे नाहीत, असे लोकही आता ती काढणार आहेत. त्यांतले काही जिव्हाळ्याने आणि काटेकोरपणे काढतील, काही एखादी सापडलेली फाईल उचलून सुबक वेष्टनात घालतील. दोन्हींची किंमत सारखीच असेल आणि दुकानात त्या शेजारी शेजारी असतील. कायदा यांत फरक करणार नाही आणि संस्थांची संग्रहालये प्रत्येक प्रकाशनावर लक्ष ठेवू शकणार नाहीत. फरक करू शकतो तो विकत घेणारा, आणि विकत घेऊन इतरांना सांगणारा. फुकट ऐकणाऱ्याची तक्रार कोणी मनावर घेत नाही, पैसे मोजणाऱ्याची घ्यावी लागते. खरेदीच्या बाजूने माझ्यापाशी असलेले सर्वांत बळकट कारण हेच आहे.

म्हणून नव्या खरेदीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक रसिकाकडे माझी विनंती आहे की आवाज भरीव आहे की कोरडा हे जरूर सांगावे, पण त्याआधी वेष्टनावर काय छापले आहे ते जसेच्या तसे उतरवावे, आणि जे नाही त्याचीही नोंद करावी: साल दिलेले नाही, तबल्यावर कोण ते दिलेले नाही, मुद्रण कशावरून घेतले ते दिलेले नाही, द्रुताचा आवाज अर्ध्यावर हळूहळू विझवत नेला आहे. मग पेटी किंवा ट्यूनर घेऊन षड्ज तपासावा आणि तो कोणत्या पट्टीत लागतो ते लिहावे. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या, खात्रीच्या मुद्रणाशी ती पट्टी जुळत नसेल तर तेही लिहावे. त्या मैफलीला हजर असलेला, मुद्रणाच्या वेळी बाजूला बसलेला, किंवा बुवांच्या मागे तंबोरा धरलेला माणूस आज ऐंशीच्या घरात कुठेतरी बसला असेल, आणि ‘तबल्यावर कोण ते दिलेले नाही’ हे वाक्य त्याच्या वाचनात आले तर तो ते नाव सांगू शकेल.